बंद पडणाऱ्या खेळाची कैफियत

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगडच्या किनाऱ्यावर, जेथे दोन पिढ्यांपूर्वी तरुणांच्या करमणुकीची साधने म्हणजे वाळूवरची कबड्डी, गणपतीतला बाल्या नाच आणि गावोगावच्या जत्रा एवढीच होती, तेथे आता नारळी-पोफळीच्या वाडीतल्या कौलारू घरातही एखादा लॅपटॉप आढळतो. आणि तो बहुधा 2020 साली शाळा बंद झाल्यामुळे अभ्यासाच्या निमित्ताने घरात आलेला व पुढे खेळासाठी राहिलेला असतो. त्यावरचा खेळ ऐन रंगात आला असता अकस्मात बंद पडतो, आणि मग त्या घटनेवर घरात व नाक्यावर जे निवाडे दिले जातात ते ऐकण्यासारखे असतात. वडील म्हणतात, खेळानेच यंत्राची वाट लागली, आता ते हाती देणे नाही. थोरला भाऊ म्हणतो, फॉरमॅट मार. दुरुस्तीवाला म्हणतो, रॅम वाढवा. आणि एखादा उत्साही मित्र कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेले दहा-पंधरा उपाय एकाच बैठकीत उरकून टाकतो, त्यांपैकी एखाद्याने खेळ चालू झालाच तर तो कशाने झाला हे ब्रह्मदेवासही सांगता येऊ नये.

या साऱ्या निवाड्यांत समान गोष्ट एकच, की साक्षीपुरावा नोंदविण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. माझे म्हणणे असे आहे, की खेळ वारंवार बंद पडणे ही एक रीतसर फिर्याद समजावी, तिचा तपास करावा, आणि तपासाअंती दोष ज्याचा ठरेल, मग तो हवेचा असो, विजेचा असो, आपल्या हलगर्जीपणाचा असो की कारखानदाराचा असो, त्याच्याच पदरात तो घालावा. ज्या मुलाने आपल्या बंद पडणाऱ्या खेळाचे कारण स्वतः शोधून काढले, त्याचा तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही. त्याच वेळात त्याने प्रयोगवहीतले चार प्रयोग मित्राच्या वहीवरून उतरवून काढले असते, तर तो मात्र खचितच वाया गेला असता. ज्या वडीलधाऱ्यांना संगणकावरचा खेळ म्हणजे जुगाराचाच धाकटा भाऊ वाटतो, त्यांच्यासाठी एवढेच नमूद करतो, की ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्स हा प्रकार त्यापासून वेगळा काढून त्यास मान्यता दिली आहे. खेळ किती वेळ खेळावा हा घरातला प्रश्न झाला. तो का बंद पडतो हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे.

आणि या शास्त्राची शिस्त अलिबागकरांस परकी वाटण्याचे काहीच कारण नाही, कारण तिचे एक उत्तम उदाहरण त्यांच्या गावातच, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, सव्वाशे वर्षांच्या घरात उभे आहे. मुंबईच्या कुलाब्यास कंपनी सरकारच्या अमदानीत 1826 साली वेधशाळा स्थापन झाली, आणि 1841 पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले, तेव्हा वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभॉय मूस यांच्यापुढे असा पेच उभा राहिला, की रुळांतून व जमिनीतून वाहणारा विजेचा प्रवाह आपल्या नाजूक चुंबकसूचीस हलवील, आणि मग सूची हलली ती पृथ्वीमुळे की ट्राममुळे, हे कोणी सांगावे? तेव्हा ट्राम धावू लागण्याची वाट न पाहता, 1904 साली मुंबईच्या कुलाब्याहून त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंडाचा खिळासुद्धा पारखून घ्यावा लागला, कारण लोखंड म्हणजे चुंबकाच्या मोजणीत घरातलाच फितूर. विजेच्या ट्राम मुंबईत धावू लागल्या 1907 साली.

परंतु मला या हकिकतीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो याच्या पुढचा. नवी जागा मिळाली म्हणून जुनी लगोलग बंद केली गेली नाही. 1904 ते 1906 या काळात कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, आणि दोन्हींची रुजवात घालून दोहोंमधला फरक निश्चित झाल्यावरच कुलाब्याची मोजणी थांबली. म्हणूनच 1841 पासूनची ती नोंदमाला आजतागायत अखंड समजली जाते. कारणाचा संशय आला की जागा बदलून पाहावी, बदलताना बाकी सारे जसेच्या तसे ठेवावे, आणि जुने व नवे शेजारी ठेवून तुलना केल्यावाचून निष्कर्ष काढू नये, ही तपासाची तीन कलमे मूससाहेबांनी कृतीतून घालून दिली. नोंदीचे माहात्म्य सांगण्यास तर याच दप्तरातले दुसरे पान पुरेसे आहे. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या निरीक्षकांनी इमानाने करून ठेवली. वादळ सुरू झाल्यावर त्यांनी तासाच्या नेहमीच्या वहिवाटीवर न थांबता अधिक जवळजवळच्या वेळांना वाचने घेतली, आणि त्या वादळाचे सामर्थ्य अजमाविताना जगभरचे शास्त्रज्ञ आज, दीड शतकानंतरही, त्या कागदाचा आधार घेतात. वादळाचे कारण त्या निरीक्षकांना माहीत नव्हते. त्यांनी फक्त जे दिसले ते, जेव्हा दिसले तेव्हा, लिहून ठेवले.

आता लॅपटॉपकडे येऊ. खेळ बंद पडला, हे वाक्य फिर्याद म्हणून अपुरे आहे. पोलीस ठाण्यात कोणी केवळ ‘माणूस गेला’ एवढेच सांगून भागत नाही, तद्वत. तो कसा बंद पडला हे आधी सांगितले पाहिजे. कधी खेळाची खिडकी तेवढी नाहीशी होते आणि मागचा डेस्कटॉप काही घडलेच नाही अशा थाटात उभा असतो; कधी सारा पडदाच निळा, किंवा विंडोजच्या अगदी अलीकडच्या आवृत्तीत काळा होऊन, त्यावर काही सांकेतिक अक्षरे उमटतात; कधी चित्र क्षणभर थिजते, पडदा मिटतो, पुन्हा उजळतो आणि खेळ मात्र गेलेला असतो; आणि कधी कोणी वीज तोडावी तसा अख्खा लॅपटॉप एका क्षणात, एक अक्षर न बोलता, विझतो. या चार गोष्टींना आपण एकच नाव देतो, परंतु त्यांची कारणे वेगळ्या मुलखातली असतात. पहिल्या प्रकारात संशय प्रथम खेळाच्या खराब झालेल्या फायलींवर, ड्रायव्हरवर किंवा स्मरणावर जातो. दुसऱ्यात विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला ड्रायव्हरचा किंवा यंत्रभागाचा दोष असतो. तिसरा हा बहुतेक वेळा ग्राफिक्सचा मामला. कारण विंडोज व्हिस्टापासून अशी तजवीज आहे, की ग्राफिक्सच्या चिपने दोन सेकंदांत हुंकार दिला नाही तर प्रणाली तिला मृतवत समजून तिचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते, आणि त्या उलथापालथीत खेळाचा बळी जातो. चौथ्या प्रकारात मात्र सॉफ्टवेअरच्या मागे लागणे म्हणजे वेळेचा अपव्यय होय. तेथे उष्णता अथवा वीज या दोघांपैकी एकाची जबानी आधी घ्यावी.

आनंदाची गोष्ट अशी, की विंडोज स्वतःच एक दप्तर राखीत असते आणि ते पाहण्यास एक पैसाही पडत नाही. ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ नावाची एक खिडकी त्यात आहे, तिच्यात दिवसवार रेघ असते, ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवशी तांबडी फुली असते, आणि त्या फुलीवर बोट ठेवले की कोणता प्रोग्राम कोणत्या घटकापाशी अडखळून पडला याचा तपशील मिळतो. तो तपशील एकदाच पाहून उपयोग नाही, सलग काही दिवसांचा पाहावा. दर वेळी ग्राफिक्सच्याच घटकाचे नाव येत असेल तर आरोपी जवळजवळ सापडला. परंतु दर वेळी निराळे नाव, निराळ्या खेळात, निराळ्या ठिकाणी येत असेल, तर खेळांचा बिचाऱ्यांचा काही अपराध नसून खालची जमीनच हलते आहे, म्हणजे रॅम, प्रोसेसर किंवा उष्णता यांत खोट आहे, असे मानण्यास सबळ कारण मिळते. तेथेच ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ अशी एक नोंद वारंवार दिसते, आणि पुष्कळ मंडळी हाच तो रोग असे समजून त्यावरचे औषध हुडकत बसतात. वस्तुतः त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की मागील वेळी यंत्र रीतीप्रमाणे बंद न होता मध्येच गेले. ती प्रेत सापडल्याची वर्दी आहे. खुनी कोण हे तीत लिहिलेले नसते.

म्हणूनच फॉरमॅट मारण्याचा जो सल्ला आपल्याकडे इतक्या सहजपणे दिला जातो, त्याचा मला मनस्वी तिटकारा आहे. फॉरमॅट म्हणजे गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा होण्यापूर्वी ती धुऊन सारवून काढणे होय. नोंदी गेल्या, जुना ड्रायव्हर गेला, मुलाच्या परीक्षेचे टिपणही पुष्कळदा गेले, आणि रोग यंत्रभागात असेल तर आठवड्याभरात तो पुन्हा हजर. फॉरमॅट हा शेवटचा उपाय म्हणून त्यास जागा आहे, पण ती साक्षीदार संपल्यानंतरची.

किनाऱ्यावरच्या हवेबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण येथे पुण्याच्या किंवा नाशिकच्या सल्ल्याने काम भागत नाही. लोकांची समजूत अशी, की आपली हवा दमट म्हणून लॅपटॉप तापतो. हे तितकेसे खरे नाही. दमट हवेत माणसाला असह्य होते ते त्याचा घाम सुकत नाही म्हणून. यंत्राला घाम येत नाही, त्याचा पंखा आत येणाऱ्या हवेचे तापमान तेवढे जाणतो, आणि त्या हिशेबाने मे महिन्यातल्या दुपारी मुरुडचा लॅपटॉप नागपूरच्या लॅपटॉपपेक्षा सुखात असला पाहिजे. खरा घात करतो तो खारा वारा. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण घरात येतात, पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर बसतात, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच ओले होते. पावसाळ्यात आपल्याकडे ही पातळी दिवसचे दिवस ओलांडलेली असते. त्या ओलसर मिठात धूळ, उदबत्तीचा धूर आणि मच्छर अगरबत्तीची राख मिसळली म्हणजे पंख्यावर जो चिकट लेप तयार होतो, तो कोरड्या प्रदेशातल्या धुळीसारखा फुंकरीने उडत नाही. पंखा फिरतो, आवाजही करतो, पण वारा पट्ट्यांतून पार होत नाही. आणि हेच मीठ पुढे रॅमच्या व इतर जोडण्यांच्या संपर्कबिंदूंवर गंज चढवते. दुरुस्तीवाला रॅम काढून तिचे दात खोडरबराने पुसतो आणि लॅपटॉप चालू होतो, तेव्हा शिकलेली मुले गालांत हसतात. परंतु अलिबाग-रेवदंड्याच्या हवेत तो उपाय निराधार नाही, हलक्या हाताने केला म्हणजे झाले.

प्रोसेसरची स्वतःची वागणूक येथे समजून घ्यावी. आजचे बहुतेक प्रोसेसर सुमारे 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की आपला वेग आपणच कमी करतात. खेळ अडखळू लागतो तो त्यामुळे. एवढ्याने भागले नाही आणि उष्णता आणखी चढली, तर जीव वाचविण्यासाठी यंत्र स्वतःला बंद करून घेते. तेव्हा आधी अडखळणे आणि मग विझणे असा क्रम दिसला, तर पुरावा उष्णतेकडे बोट दाखवतो. तापमान दाखविणारे ‘एचडब्ल्यूइन्फो’सारखे प्रोग्राम फुकट मिळतात. ते चालू ठेवून एकच खेळ, एकाच प्रसंगापासून, एकदा भर दुपारी आणि एकदा पहाटे खेळून पाहावा. मग खेळाच्या सेटिंगमध्ये सेकंदाला साठ किंवा तीस चित्रांची मर्यादा घालून पुन्हा पाहावा. मर्यादा घातल्यावर खेळ तासन्‌तास टिकत असेल, तर दोष खेळाच्या फायलींत नाही हे उघड झाले. गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवून खेळणाऱ्यांनी इतर काही करण्याआधी तो टेबलावर ठेवावा, कारण त्याचे श्वास घेण्याचे छिद्र पोटाखाली असते. पंखा साफ करून घ्यावयाचा तर खालचे झाकण उघडून घ्यावा, हवेचा झोत मारताना पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवावीत, आणि चार-पाच वर्षांच्या यंत्रात प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट त्याच वेळी बदलून घ्यावी. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकणाला हात लावण्यापूर्वी कंपनीच्या सेवा केंद्रास विचारावे.

विजेची कैफियत वेगळी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या तालुक्यांत विजेचे खांब भुईसपाट झाले, आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. या दोन वादळांनी किनाऱ्यावरच्या घरोघर इन्व्हर्टर आणि स्टॅबिलायझर यांचा प्रसार केला, आणि लॅपटॉपच्या प्रत्येक दुखण्यास कमी व्होल्टेज हे कारण देण्याची सवयही लावली. परंतु लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 100 ते 240 व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे आपल्या 230 व्होल्टांच्या पुरवठ्यात सायंकाळी होणारी घट तो सहज पचवतो; केवळ लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर घेणे हा बहुधा निष्फळ खर्च होय. पाहावयाचे ते निराळेच. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतात. तिच्यावर मोठ्या खेळासाठीचा चार्जर गुणगुणतो, तापतो आणि कधी मान टाकतो. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांच्या सॉकेटात बसवून अर्थिंग तोडलेले असते, आणि मग लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या येतात. ज्या यंत्राबरोबर दोनशे वॅटच्या घरातला चार्जर आला होता, त्यास मोबाइलचा किंवा दुसऱ्या लॅपटॉपचा लहानसा चार्जर जोडलेला असतो. खेळाच्या ऐन धामधुमीत यंत्राची मागणी चार्जरच्या आवाक्याबाहेर गेली की तूट बॅटरी भरून काढते. ती बॅटरीच थकलेली असली तर यंत्र क्षणात विझते. बॅटरी फुगून की-बोर्ड उचलला गेलेला दिसला, तर तपास तेथेच थांबवावा आणि यंत्र वापरू नये. तो खेळाचा प्रश्न राहिलेला नाही. या साऱ्याची कसोटी मूससाहेबांच्या पद्धतीची आहे: तोच लॅपटॉप, तोच चार्जर, तोच खेळ घेऊन दुसऱ्या घरच्या विजेवर बसावे.

सॉफ्टवेअरच्या बाजूने फारसे लिहीत नाही, कारण त्या उपायांच्या याद्या सर्वत्र उपलब्ध आहेत आणि त्यांत वावगेही काही नाही. वावगे आहे ते त्या एका दमात अंमलात आणणे. एक बदल करावा, तो दिनांकासह वहीत लिहावा, पूर्वीइतकाच वेळ खेळून पाहावा, आणि गुण आला नाही तर तो बदल मागे घेऊन मगच दुसरा करावा. खेळाच्या फायली तपासून घेण्याची सोय स्टीमसारख्या दुकानांत असते, तेथून आरंभ करावा. लॅपटॉपमध्ये पुष्कळदा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधले साधे आणि एक स्वतंत्र. खेळ चुकून साध्यावर चालत नाही ना, हे विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पाहावे. नवा ड्रायव्हर नेहमीच चांगला असतो ही एक अंधश्रद्धाच आहे; बिघाड ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर बदलला असेल, तर जुन्याकडे परत जाणे हाच शहाणपणा. रॅमची परीक्षा मेमटेस्ट चालवून रात्रभर घ्यावी, आणि तीत एकही चूक निघाली तरी ती रॅम नापास समजावी. येथे पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण करण्याची सोय नाही. चोरीची प्रत खेळणाऱ्यास मात्र यांतले काहीच लागू नाही, कारण कोणी काय फेरफार करून ती प्रत सोडली हेच ज्यास ठाऊक नाही, त्याच्या तपासाला मूळ पुरावाच नसतो.

येथवरच्या विवेचनाने कोणाचा असा समज होईल, की दोष नेहमी वाऱ्याचा, विजेचा किंवा वापरणाऱ्याचाच असतो. कारखानदारांनाही तो समज फार प्रिय आहे, म्हणूनच इतिहासातली दोन प्रकरणे येथे काढतो. जुलै 2008 मध्ये एनव्हिडिया या कंपनीने आपल्या काही लॅपटॉप ग्राफिक्स चिपा सदोष असल्याचे मान्य करून त्या खर्चापोटी 15 ते 20 कोटी डॉलरांची तरतूद जाहीर केली. चिपेस तिच्या खालच्या आधारपट्टीशी जोडणारे सूक्ष्म ठिपके तापणे व निवणे यांच्या फेऱ्यांत तडकत होते. दरम्यान डेल व एचपी यांनी दिलेला उपाय पाहण्यासारखा होता: पंखा अधिक वेळ फिरत राहील असा बायॉसचा नवा अपडेट. म्हणजे रोग बरा झाला नाही, फक्त त्याची तारीख लांबली. दुसरे प्रकरण ताजे आहे, आणि ते डेस्कटॉपचे असले तरी बोधप्रद आहे. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांवर खेळ कोसळत, आणि पडद्यावर संदेश येई तो ग्राफिक्सची स्मरणशक्ती अपुरी असल्याचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डे बदलली, खेळ पुन्हा उतरवून घेतले, विंडोज पुन्हा बसविले. अखेर जुलै 2024 मध्ये इंटेलने कबूल केले, की प्रोसेसरच्या मायक्रोकोडमधील दोषामुळे त्यास फाजील व्होल्टेज जात होते, आणि त्यापाठोपाठ बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढविली. तो दोष उघड झाला तो निरनिराळ्या लोकांनी ठेवलेल्या नोंदी एकत्र आल्या तेव्हा. एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारीने तो कदाचित कधीच उघड झाला नसता.

खेळ विकणारेही या दोषातून मुक्त नाहीत. ‘सायबरपंक 2077’ हा खेळ 10 डिसेंबर 2020 रोजी बाजारात आला तो इतक्या कच्च्या अवस्थेत, की प्लेस्टेशनवरच्या तक्रारींमुळे सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढून टाकला, आणि पुढल्या जूनपर्यंत परत घेतला नाही. ज्या धंद्यात अर्धाकच्चा माल पुऱ्या किमतीस विकून मग तो गिऱ्हाइकाच्या घरी शिजविण्याची प्रथा पडली आहे, त्या धंद्याने ‘तुमचा लॅपटॉप तपासा’ असे सांगावे हे धाडसाचे आहे. स्टीम हे दुकान खरेदीपासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत देते, ही सोय स्तुत्य खरी. परंतु सतत कोसळणाऱ्या खेळाचे कारण शोधण्यात ते दोन तास केव्हाच खर्ची पडतात, आणि प्रामाणिक तपास करणाराच मुदतीबाहेर जातो. लॅपटॉपच्या पाट्यांबद्दलही असेच. ‘आरटीएक्स 3060’ हे नाव लॅपटॉपवरही असते आणि डेस्कटॉपवरही. पण डेस्कटॉपवर मूळ चिपेस 12 जीबी स्मरण मिळते, लॅपटॉपवर 6 जीबी, आणि लॅपटॉपांतल्या लॅपटॉपांतही त्याच नावाच्या चिपेस कोणी 60 वॅट देतो तर कोणी 115. दुकानातल्या पाटीवर हे आकडे छापण्याची सक्ती केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे; तांदळाच्या पोत्यावर वजन लिहावे लागते, तर पाऊण लाखाच्या यंत्रावर वॅट का लिहू नयेत?

ग्राहकाच्या हाती काहीच नाही, असेही नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आला, त्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचाही स्पष्ट उल्लेख आहे. पूर्वी पुष्कळदा विक्रेत्याच्या गावी जाऊन फिर्याद गुदरावी लागे; आता फिर्यादी जेथे राहतो वा काम करतो तेथेही ती दाखल करता येते. त्यामुळे श्रीवर्धनच्या ग्राहकास बंगळूरच्या कंपनीविरुद्ध बंगळूर गाठण्याची गरज नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठीही केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये समिती नेमली आणि पुढे त्यासाठी एक संकेतस्थळ उघडले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरास मिळणे हा हक्क किनाऱ्यावरच्या माणसाला शहरातल्यापेक्षा अधिक अगत्याचा आहे, कारण कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र गाठण्यासाठी त्याला बहुधा पनवेल किंवा मुंबईची वाट धरावी लागते, आणि एकदा दिलेला लॅपटॉप ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यानिशी परत येतो. त्या शेऱ्यास उत्तर एकच, आणि ते म्हणजे आपली दिनांकवार वही.

म्हणून नाक्यानाक्यावरच्या दुरुस्तीवाल्यांना माझी विनंती आहे, की बिलावर केवळ ‘सर्व्हिसिंग’ असे मोघम न लिहिता काय आढळले, काय बदलले आणि आधीचे व नंतरचे तापमान काय, एवढे तीन रकाने त्यांनी भरावेत. आणि शाळांतल्या विज्ञानशिक्षकांना अशी, की अलिबागची वेधशाळा दाखविण्यास मुलांना नेतील तेव्हा 1904 ते 1906 च्या त्या दुहेरी नोंदींची हकिकतही त्यांनी सांगावी. ग्राहकांसाठी कामाची माहिती इतकीच: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, रायगडचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग अलिबागेसच बसतो, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस तेथे शुल्क पडत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.